काटक शरीर, कडक धमन्या : भीमाशंकरच्या पायथ्यापासून एका आजाराचा इतिहास

“हार्टचा आजार शहरातल्या लोकांना, डॉक्टर. आम्ही डोंगर चढणारी माणसं, आम्हाला काय होतंय?”

घोडेगाव सोडून डिंभे धरणाच्या कडेकडेने भीमाशंकरकडे वर जाऊ लागलं की हे वाक्य कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकू येतंच. बोलणारा बहुधा काटक असतो. पोट सपाट, पिंढऱ्या टणक. भातलावणीत दिवसभर वाकून काम केलेला, हंगामात हिरडा वेचायला रान पालथं घातलेला. ताटात भात, नाचणीची भाकरी, कालवण. तेल बेताचं. खाली मंचर-नारायणगावच्या बागायती पट्ट्यात ट्रॅक्टर आला, मोटारसायकल आली, पोटं सुटली. तिथल्या माणसाला शुगर किंवा बीपी निघालं तर कुणाला नवल वाटत नाही. वरच्या गावातल्या माणसाला निघालं की घरचे म्हणतात, मशीन बिघडलं असेल.

असं मानणारे फक्त पेशंट नव्हते. बराच काळ डॉक्टरही हेच मानत होते. धमन्या कशामुळे खराब होतात याची जी यादी आज प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावलेली दिसते, ती मुळात आपल्या माणसांकडे बघून केलेली नव्हती. आपल्या माणसांची नोंद त्या यादीत उशिरा झाली, आणि त्यातला मोठा भाग पुणे जिल्ह्यातल्याच खेड्यांतून आला. ती गोष्ट आज सांगतो.

पेज आणि दगड

आधी आजार समजून घेऊ. आपण ज्याला ‘नसा ब्लॉक होणं’ म्हणतो त्याचं वैद्यकीय नाव अथेरोस्क्लेरोसिस. जर्मन पॅथॉलॉजिस्ट फेलिक्स मार्शां यांनी १९०४ मध्ये हा शब्द बनवला. त्यात दोन ग्रीक शब्द आहेत. एकाचा अर्थ पेज किंवा खळ, दुसऱ्याचा कडक. मेलेल्या माणसाची धमनी कापून पाहिली की आतल्या बाजूला पिवळसर, पेजेसारखा मऊ साका आणि त्यावर टणक पापुद्रा दिसायचा, म्हणून हे नाव.

नळात क्षार साचून तो बारीक होतो, हे उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. सोपं आहे, पण थोडं फसवं आहे. धमनी हा लोखंडी पाइप नाही, ती जिवंत आहे. तिच्या आतून एका पेशीइतकं पातळ अस्तर असतं. जास्त दाबाचं रक्त, तंबाखू, वाढलेली साखर यांनी ते अस्तर दुखावतं. मग रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते अस्तराच्या खाली शिरून अडकतं. त्याला साफ करायला पांढऱ्या पेशी येतात, ते खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. असं वीस-तीस वर्षं चालतं. दुखत नाही, कळत नाही. आणि एके दिवशी वरचा पापुद्रा फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि काही मिनिटांत रक्त बंद. हृदयाच्या धमनीत झालं तर हार्ट अटॅक, मेंदूच्या धमनीत झालं तर पक्षाघात.

म्हणूनच “कालपर्यंत तर ठणठणीत होते हो” हे वाक्य खरं असतं. अर्धवट बुजलेली धमनी माणसाला काहीच त्रास देत नाही. फाटणारा पापुद्रा कित्येकदा अशाच अर्धवट बुजलेल्या जागेवरचा असतो.

जुनाच आजार

हा आजार आधुनिक जगण्याने आणला, असं आपण सहज बोलून जातो. २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक वेगळाच अभ्यास आला. इजिप्त, पेरू, नैर्ऋत्य अमेरिका आणि अलास्काजवळची अल्यूशियन बेटं इथल्या १३७ ममींचं सीटी स्कॅन केलं गेलं. सुमारे एक तृतीयांश ममींच्या धमन्यांत कॅल्शियम साचलेलं होतं. त्यात शेती न करणारे, शिकारीवर जगणारे बेटवासीही होते. त्यांच्याकडे ना वडापाव होता, ना बैठी नोकरी. अभ्यासकांनी एका गोष्टीकडे बोट दाखवलं : बंद जागेत पेटवलेल्या चुलीचा आणि दिव्याचा धूर. तीन दगडांच्या चुलीवर आयुष्य काढलेल्या आपल्या आजीबाईंनी कधी विडी ओढलेली नसते, पण धूर मात्र रोज घेतलेला असतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१७ मध्ये बोलिव्हियातल्या चिमाने आदिवासींचे स्कॅन झाले. ७०५ प्रौढांपैकी ८५ टक्क्यांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियमचा ठिपकाही नव्हता. ही माणसं दिवसाचे सहा-सहा तास अंगमेहनत करतात, सिगारेट फारशी ओढत नाहीत, त्यांचं बीपी आणि एलडीएल आयुष्यभर कमी राहतं. म्हणजे डोंगर चढणाऱ्याचं म्हणणं निराधार नाही. मेहनत संरक्षण देतेच. प्रश्न असा, की बाकीच्या गोष्टींचं काय?

यादी कशी तयार झाली

१९१३ मध्ये रशियात निकोलाय अनिच्कोव यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातलं. सशांच्या धमन्यांत माणसासारखाच साका तयार झाला. पण बहुतेक डॉक्टरांनी मान हलवली : ससा गवत खाणारा प्राणी, त्याचं माणसाला काय लागू पडणार? पुढची कित्येक दशकं धमन्या कडक होणं म्हणजे केस पिकण्यासारखं, वयाबरोबर येणारं, असंच समजलं जायचं.

बीपीबद्दल तर आणखी उलटी समजूत होती. धमन्या कडक झाल्या की रक्त पुढे ढकलायला जास्त दाब ‘आवश्यक’ आहे, तो कमी करू नये, असं अनेक मोठे डॉक्टर सांगत. उच्च रक्तदाबाला इंग्रजीत आजही ‘एसेन्शियल’ म्हणतात, त्यामागे हा जुना विचार आहे. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं बीपी वर्षानुवर्षं चढत गेलं. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा त्यांचं बीपी ३००/१९० नोंदवलेलं आहे. जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाला तेव्हा कुणी धड औषध देऊ शकलं नाही.

तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम नावाच्या छोट्या शहरात एक अभ्यास सुरू झाला. ५,२०९ स्त्री-पुरुष निवडले, त्यांचं बीपी, कोलेस्टेरॉल, वजन, सिगारेट, सगळं लिहून ठेवलं आणि वाट पाहिली. दर दोन वर्षांनी पुन्हा तपासणी. कुणाला अटॅक येतो, कुणाला येत नाही? १९६१ मध्ये त्यांनी जो लेख छापला त्यातून ‘रिस्क फॅक्टर’, म्हणजे धोक्याचे घटक, हा शब्दप्रयोग रूढ झाला. वाढलेलं बीपी, वाढलेलं कोलेस्टेरॉल असलेल्यांना अटॅक जास्त येत होते. सिगारेट, मधुमेह ही नावं पाठोपाठ पक्की झाली. आज कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका तुमच्या दंडाला पट्टा बांधते, तिच्यामागे हा अभ्यास उभा आहे.

फक्त, ती ५,२०९ माणसं जवळपास सगळी गोरी, मध्यमवर्गीय अमेरिकन होती. त्यांच्यात मशेरी लावणारी एकही बाई नव्हती. अडीच किलोचं जन्मलेलं, भात खाऊन वाढलेलं बाळही नव्हतं.

आपल्याकडे काय चाललं होतं

याच काळात मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील बीपीचे रुग्ण तपासत होते. सर्पगंधेची मुळी आयुर्वेदात आणि गावोगावच्या वैदूंकडे पूर्वापार होती. सह्याद्रीच्या ओलसर रानात ती उगवते, आता मात्र अति ओरबाडल्यामुळे दुर्मीळ झाली आहे. वकिलांनी ५० रुग्णांना ती पद्धतशीरपणे दिली, बीपीचे आकडे मांडले आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये लेख लिहिला. जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं आणि बीपीवरच्या सुरुवातीच्या चालणाऱ्या औषधांत ते गेलं. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. रूझवेल्टना जे मिळालं नाही, ते अवघ्या काही वर्षांत आपल्या रानातल्या मुळीने दिलं. (हे वाचून कुणी मुळी उगाळून घेऊ नये. मनाला खोल उदासी आणणं हा तिचा मोठा दोष आहे, आणि आता तिच्यापेक्षा कितीतरी सुरक्षित गोळ्या आहेत.)

आपल्या माणसांच्या बाबतीत यादी पुरी पडत नाही, याची पहिली ठळक खूण १९६७ मध्ये दिसली. पश्चिम रेल्वेत काम करणारे डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरातल्या रेल्वे कर्मचाऱ्यांचे मृत्यू तपासले. हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण दक्षिणेकडच्या कर्मचाऱ्यांत पंजाबकडच्यांच्या सुमारे सातपट निघालं. तूप-लोणी मात्र पंजाबकडचे कितीतरी जास्त खात होते! मल्होत्रांनी काढलेले सगळे अर्थ आज मान्य नाहीत, आणि “मग तूप हवं तेवढं खा” असाही त्याचा अर्थ नाही. पण भारतीय माणसाच्या धमनीचं कोडं नुसत्या तुपाच्या वाटीत सुटणार नाही, एवढं त्यातून कळलं.

मशेरी

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. १९६० च्या दशकाच्या शेवटी टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत घरोघरी फिरले. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात १,०१,७६१ खेडूतांच्या तोंडाची तपासणी आहे. हेतू तोंडाच्या कॅन्सरचा शोध घेण्याचा होता, हृदयाचा नव्हे. पण त्यांनी प्रत्येकाला तंबाखूबद्दल विचारलं, आणि त्यातून जे चित्र निघालं ते माझ्या मते आपल्या भागातल्या हृदयरोगाच्या इतिहासातलंही फार महत्त्वाचं पान आहे. तंबाखू वापरणाऱ्या स्त्रिया जवळजवळ निम्म्या निघाल्या. त्यांत ओढणाऱ्या नगण्य. बहुतेकींचा तंबाखू म्हणजे मशेरी.

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून पूड करायची आणि बोटाने दात-हिरड्यांना चोळायची, ती मशेरी. काही घरांत मिसरी म्हणतात. सकाळी उठल्यावर एकदा, जेवल्यावर एकदा, मग शेतावर जाताना, मग डोकं जड झालं म्हणून. चोळून झाल्यावर तोंड न धुता बराच वेळ तशीच ठेवायची. हिरडीच्या पातळ कातडीतून निकोटिन सरळ रक्तात जातं. नाडी वाढते, बीपी चढतं, धमनी आकसते. दिवसातून पाच-सहा वेळा, वर्षानुवर्षं.

फ्रेमिंगहॅमच्या कागदावर रकाना ‘सिगारेट’चा होता. तोच कागद आपण उचलला. त्यामुळे आमच्याकडे केस पेपरवर बाईच्या नावापुढे ‘व्यसन : नाही’ असं वर्षानुवर्षं लिहिलं गेलं. आजही हा संवाद रोजचा आहे.

“मावशी, तंबाखू खाता का?”

“नाय बा. आमच्यात बाया तंबाखू खात नाहीत.”

“आणि मशेरी?”

“ती लावते की. दातासाठी.”

मावशी खोटं बोलत नाही. तिच्या लेखी तंबाखू म्हणजे पुरुषांनी चुना लावून दाढेत धरायची गोष्ट, आणि मशेरी म्हणजे दंतमंजन. प्रश्न चुकीचा विचारला की उत्तर चुकीचं येतं. हा धडा डॉक्टरांसाठी आहे, पण तुम्हालाही उपयोगी आहे : कुणी विचारलं नाही तरी मशेरीचं आपणहून सांगा.

चघळण्याच्या तंबाखूचा हृदयाशी संबंध जोडायला मात्र जगाला बराच वेळ लागला. डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये आले, आणि २००६ मध्ये त्यातली तंबाखूची आकडेवारी वेगळी छापली गेली. तंबाखू चघळणाऱ्यांत अटॅकचा धोका न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून थोडा जास्त होता. त्याच अभ्यासातली दक्षिण आशियाची बाजू नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडली. आपल्याकडे पहिला अटॅक येण्याचं मधलं वय ५३ होतं, इतर देशांत जवळपास ५९. सहा वर्षं लवकर. आपलं रक्त काही वेगळं नाही. बीपी, कोलेस्टेरॉल, तंबाखू, साखर हे तेच घटक आपल्याला तरुण वयात गाठतात.

मशेरीचा आणखी एक हिशेब आहे, आणि तो बाईच्या शरीरावर संपत नाही. २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मुंबईच्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास छापला गेला. गरोदरपणात मशेरी किंवा तत्सम तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी जन्मली. शंभर ग्रॅम म्हणजे मूठभर तांदूळ. त्याने काय फरक पडतो?

भीमेच्या काठची बाळं

बाळाचं वजन आणि पन्नाशीतला अटॅक यांचा संबंध असेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तो सापडला इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर परगण्यात. तिथे १९११ पासून सुईणी आणि आरोग्यसेविका जन्मलेल्या प्रत्येक बाळाचं वजन वह्यांत लिहून ठेवत, वर्षाचं झाल्यावर पुन्हा लिहीत. त्या जुन्या वह्या डॉ. डेव्हिड बार्कर यांच्या हाती लागल्या. त्यांनी १९११ ते १९३० मध्ये जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा माग काढला. १९८९ चा निष्कर्ष असा, की जी बाळं वर्षाची असताना सर्वांत हलकी होती, ती मोठेपणी हृदयविकाराने सर्वांत जास्त मेली. बाळ पोटात असताना उपास घडला, तर शरीर काटकसरीने बांधलं जातं. मेंदू वाचवायचा, बाकीच्यात कपात करायची. ती कपात पुढे धमन्यांत, स्वादुपिंडात, मूत्रपिंडात दिसते. एका आरोग्यसेविकेने नेटाने वही भरली, याचं मोल ऐंशी वर्षांनी कळावं, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत सुंदर वाटतं. आपल्या आशाताईंच्या वह्यांकडेही जरा याच नजरेने बघा.

भीमाशंकरला उगम पावलेली भीमा खाली शिरूर तालुक्यात वढूजवळून वाहते. तिथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने १९७७ मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला होता. त्याच रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी बार्कर यांच्या गटाबरोबर १९९३ मध्ये पुण्यापासून साधारण ५० किलोमीटरवरच्या सहा खेड्यांत एक अभ्यास हाती घेतला. शेतकरी घरातल्या बायकांची गर्भधारणेच्या आधीपासून नोंद ठेवायची, आणि बाळ जन्मलं की त्याचं माप घ्यायचं. नुसतं वजन नाही. दंड, पोट, पाठीवरची चिमटीत धरलेली कातडी, सगळं.

आयांचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास. बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. इथपर्यंत आश्चर्य काही नाही. पण मापं लावून पाहिल्यावर दिसलं, की आपल्या बाळाचे स्नायू खूप कमी आहेत, पोटातले अवयव लहान आहेत, आणि चरबी मात्र जवळपास इंग्लिश बाळाइतकी राखलेली आहे. हाडकुळं बाळ, पण आतून चरबीचं. याज्ञिकांनी त्याला नाव दिलं ‘थिन-फॅट’ बाळ. आपण ‘वरून बारीक, आतून जाड’ म्हणू.

मोठ्या माणसाचंही तसंच आहे, हे त्यांनी स्वतःवरच दाखवलं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला गेला. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाटा दोघांबद्दल एकच सांगतो.

याच गावांतून आणखी काही कळलं. ज्या आया गरोदरपणी पालेभाजी, फळं, दूध जास्त वेळा घेत होत्या त्यांची बाळं मोठी होती, आणि ज्यांच्या वाट्याला शेतातलं, पाण्याचं, घरचं कष्टाचं काम जास्त होतं त्यांची लहान. म्हणजे जी मेहनत पुरुषाच्या धमनीला राखते, तीच मेहनत अर्धपोटी गरोदर बाईच्या बाळाला महागात पडते. डोंगरावरच्या सुनेला सातव्या महिन्यात हंडे वाहायला लावणाऱ्या घरांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

ती बाळं अठरा वर्षांची झाली तेव्हा ६१९ जणांची साखर तपासली गेली. जवळपास निम्मी मुलं कमी वजनाची होती, बीएमआय साडेअठराच्या खाली. तरीही ३७ टक्के मुलग्यांची आणि १८ टक्के मुलींची साखर नेहमीपेक्षा वाढलेली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. अठराव्या वर्षी, सडपातळ अंगाने, खेड्यात राहून. धमनीच्या अस्तराला साखर सोसायची सवय इतक्या लवकर लागली, तर पन्नाशी कशी येईल याचा अंदाज तुम्हीच करा. ती मुलं आता तिशीत आली आहेत.

मग तपासायचं काय?

२०१० पासून केंद्र सरकारचा असंसर्गजन्य आजारांचा कार्यक्रम सुरू आहे आणि तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची बीपी-शुगर तपासणी गावपातळीवर व्हावी अशी व्यवस्था आहे. बीपीच्या नेहमीच्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. तरीही आरोग्य शिबिरात रांगेत दिसतात ती खालच्या पट्ट्यातली जाड माणसं. बारीक माणूस ‘मला काय झालंय’ म्हणत झाडाखाली बसलेला असतो.

बारीक माणसाने कंबर मोजावी. बेंबीच्या पातळीवर टेप धरून, पोट आत न ओढता. आपल्या लोकांसाठी पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८० ही मर्यादा आहे. वजनाच्या बाबतीतही जगाची २५ बीएमआयची रेघ आपल्याला लागू नाही, आपली २३ ला सुरू होते. बीपी वेगवेगळ्या दिवशी मोजून पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा वर आलं तर ते ‘टेन्शनचं’ नाही, बीपीच आहे, आणि गोळी बरं वाटलं म्हणून सोडायची नसते. बरं वाटणं हे बीपीचं माप नाही. उपाशीपोटीची शुगर आणि एकदा तरी कोलेस्टेरॉलचा पूर्ण तपास करून घ्या. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत अटॅक आला असेल तर डॉक्टरांनी न विचारता सांगा.

खाण्याबद्दल थोडंच. वनस्पती तूप १९३७ मध्ये ‘डालडा’ नावाने घराघरांत शिरलं. त्यातल्या ट्रान्स फॅटवर आता कायद्याने २ टक्क्यांची मर्यादा आहे, जानेवारी २०२२ पासून. पण यात्रेच्या दिवसांत रस्त्याकडेला काळ्या पडलेल्या तेलात पुन्हा पुन्हा तळलेल्या भजीवर कुणाची मर्यादा नाही. मिठाचं म्हणाल तर सुकट, लोणचं, पापड यांतून जातं ते कुणी मोजतच नाही. नाचणी, वरई, रानभाज्या या मात्र सोडू नका. त्या गरिबीची खूण आहेत असं वाटून नवी पिढी बिस्किट-चहावर आली आहे, ते मला जास्त काळजीचं वाटतं.

मशेरी एकदम सुटत नाही. डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. साधारण दोन-तीन आठवडे हा त्रास राहतो, मग उतरतो. आधी रात्रीची बंद करा, मग जेवणानंतरची, शेवटी सकाळची. घरात दोघी-तिघी लावत असतील तर सगळ्यांनी मिळून सोडावी. एकीने सोडायची आणि दुसरीने तिच्यासमोर तवा तापवायचा, हे जमत नाही.

शेवटची गोष्ट अंतराची. भीमाशंकर ते मंचर साठेक किलोमीटर, आणि निम्मा रस्ता घाटवळणांचा. छातीवर दगड ठेवल्यासारखं जड वाटणं, घाम फुटणं, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ जाणं, बायकांमध्ये आणि शुगर असलेल्यांमध्ये नुसता दम लागणं किंवा मळमळ, हे काही मिनिटांत थांबलं नाही तर पित्त समजून सोडा-लिंबू पीत बसू नका. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत पेशंटला चालवू नका. भिंतीला टेकवून बसवा, आणि त्याच्या चालू गोळ्यांची पाकिटं, जुना ईसीजी असेल तर तोही, पिशवीत घालून बरोबर द्या.